आधी सांगून ठेवलेला नकार

गाडगेबाबांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या काठी, प्रवासात झाले. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात गेले. त्यांना कर्करोग झाला होता. या दोघांच्या पुण्यतिथ्या वऱ्हाडातल्या शाळांना नव्या नाहीत आणि त्यांचे कार्य आमच्या वाचकांना सांगायला नको. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते एका साध्या गोष्टीकडे. ‘यंत्र चालू ठेवायचे की काढायचे’ हा आज इस्पितळाच्या दाराशी नातेवाइकांना पडणारा प्रश्न या दोन्ही मृत्यूंच्या वेळी उभा राहण्याचे कारणच नव्हते. यंत्र काढायचे तर आधी ते लावलेले असावे लागते.

ते यंत्र मात्र याच सुमारास जगात आले होते. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. अनेक रुग्णांच्या श्वासाच्या स्नायूंना लकवा मारला होता आणि शहराच्या साथरोग इस्पितळात श्वासयंत्रे होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या माणसाचा श्वास आपण हाताने चालवतो, तसाच या मुलांचा का चालवू नये, असे त्यांनी सुचवले. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची आणि रबरी पिशवी दाबून फुप्फुसात हवा भरायची. हे काम आठवडेच्या आठवडे, रात्रंदिवस करावे लागणार होते. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ते केले. अशा गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरातले ऐंशीहून अधिक दगावत. हे प्रमाण काही महिन्यांत निम्म्याच्याही खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू केला. आज जिल्ह्याच्या गावी पोचलेल्या आयसीयूचा हा पूर्वज. विद्यार्थ्यांच्या हातांची जागा पुढे व्हेंटिलेटरने घेतली.

येथे थोडे शरीरशास्त्र पाहिले पाहिजे, कारण पुढचा सारा पेच त्यातूनच निघाला आहे. श्वासाचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून येतो. हृदयाचे तसे नाही. हृदयाच्या भिंतीतच ठोके सुरू करणारा पेशींचा एक पुंजका असतो आणि रक्तात प्राणवायू मिळत राहिला, की मेंदूच्या आदेशावाचूनही ते धडधडत राहते. बेडकाचे काढलेले हृदय मिठाच्या द्रावणात काही काळ चालते, हा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला जुना प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. निसर्गात श्वास थांबला की काही मिनिटांत हृदय थांबते. म्हणून हजारो वर्षे श्वास, नाडी आणि जाणीव यांचा शेवट माणसाला एकच वाटत आला. व्हेंटिलेटरने या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या. मेंदू पूर्णपणे गेलेला, पण छाती वरखाली होते आहे आणि हात गरम आहे, अशी अवस्था इतिहासात पहिल्यांदाच दिसू लागली.

तुकडोजी महाराज गेले त्याच वर्षी, ऑगस्ट १९६८ मध्ये, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष प्रसिद्ध केले. आपल्याकडे मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू कायद्यात आला तो १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने, आणि तो कायदा सुरुवातीला ज्या मोजक्या राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा होते.

पण हार्वर्डच्या निकषांनी प्रश्नाचा अर्धाच भाग सुटला. मेंदूचा वरचा, जाणिवेचा भाग नष्ट झाला आणि मस्तिष्कस्तंभ शाबूत राहिला तर माणूस स्वतः श्वास घेतो, डोळे उघडतो, मिटतो, झोपतो, जागा होतो. आपण कोण, समोर कोण, हे मात्र त्याला कळत असल्याची कोणतीही खूण दिसत नाही. ही अवस्था वर्षानुवर्षे टिकू शकते. तिला ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव १९७२ मध्ये मिळाले. नाव फारसे चांगले नाही. वनस्पतीशी माणसाची तुलना आम्हाला तरी खटकते. १९७५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कॅरेन क्विनलन ही २१ वर्षांची मुलगी अशा अवस्थेत गेली. तिचे व्हेंटिलेटर काढावे ही आईवडिलांची मागणी डॉक्टरांनी नाकारली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ती मान्य केली. यंत्र काढले, आणि कॅरेन स्वतः श्वास घेऊ लागली. ती १९८५ पर्यंत जगली. यंत्र काढणे म्हणजे जीव घेणे, असे समजणाऱ्यांनी ही नऊ वर्षे ध्यानात ठेवावीत. मरण आणते ते दुखणे. यंत्र काढल्याने फक्त त्याची आडकाठी दूर होते, आणि कधी कधी दुखणे वाट पाहायला लावते.

शुद्ध हरपल्यावर माणसाने स्वतःचे मत कसे सांगायचे? यावर शिकागोचे वकील लुई कुटनर यांनी १९६९ मध्येच एक तोड सुचवली होती. शुद्धीवर असतानाच लिहून ठेवायचे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते; हा कागद माणूस जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना लागू व्हायचा, म्हणून त्यांनी त्याला ‘लिव्हिंग विल’ म्हटले. क्विनलन खटल्याच्या वर्षीच, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियाने अशा कागदाला कायद्याने मान्यता दिली.

आता आपण पुन्हा आपल्या मुलखात येऊ. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तेथे धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा भावे यांचा आश्रम आहे. नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे वय तेव्हा ८७ होते. डॉक्टरांनी उपचार सुरू केले. त्यानंतर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. आग्रह करणारे पुष्कळ होते. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आणि महावीर निर्वाणाच्या दिवशी, ते गेले. जैनांच्या सल्लेखनेशी त्यांच्या या मरणाची तुलना तेव्हाही झाली आणि अजून होते.

भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम त्या वेळी पूर्ण जोमात होते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होती. साऱ्या देशाला पवनारची बातमी ठाऊक होती, तरी कोणी गुन्हा नोंदवला नाही. कायदा आणि लोकांची न्यायबुद्धी यांत किती अंतर पडले होते ते यावरून दिसते. अर्थात विनोबांनी केले ते केवळ उपचार नाकारणे नव्हते. त्यांनी अन्नपाणीही सोडले होते, आणि ते प्रायोपवेशनाच्या जुन्या परंपरेत अधिक बसते. आमच्या विषयाला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. विनोबा शुद्धीवर होते. समोर आलेले औषध नको म्हणून ते सांगू शकत होते, आणि त्यांचे ऐकणारी माणसे भोवती होती.

हे भाग्य अरुणा शानबाग यांच्या वाट्याला आले नाही. मुंबईच्या केईएम इस्पितळात परिचारिका असलेल्या अरुणा यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळल्याने त्यांच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. विनोबांनी पवनारला ‘नको’ म्हटले तेव्हा अरुणा यांना खाटेवर पडून नऊ वर्षे होत आली होती, आणि त्या ‘नको’ म्हणू शकत नव्हत्या, की ‘हवे’ही म्हणू शकत नव्हत्या. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना ४१ वर्षांहून अधिक काळ सांभाळले. पिढ्या बदलल्या तरी सेवा खंडली नाही. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणा यांना दिले जाणारे अन्न थांबवू द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात केला. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करवली आणि ७ मार्च २०११ रोजी अर्ज फेटाळला. निर्णय घ्यायचाच तर तो अरुणा यांना इतकी वर्षे सांभाळणाऱ्या इस्पितळाच्या लोकांनी घ्यायचा, असे न्यायालयाने म्हटले, आणि ते लोक विरोधात होते. मात्र त्याच निकालात, काही परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील हे पहिल्यांदा मान्य झाले. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनाही व्हेंटिलेटर लावला होता.

या निकालावर बाजू घेणारे दोन्हीकडे खूप आहेत. आम्हाला त्यात अडकायचे नाही. परिचारिकांच्या सेवेपुढे नतमस्तकच व्हावे लागते. पण एवढ्या वादात अरुणा यांना स्वतःला काय हवे असते, हे कोणीही सांगू शकत नव्हते, कारण पंचवीस वर्षांच्या धडधाकट मुलीला असे काही लिहून ठेवायचे सुचणारच कसे? पवनार आणि परळ यांतले अंतर भरून काढायचा प्रयत्न म्हणजे कुटनर यांचा तो कागद.

आपल्याकडे तो कागद यायला बराच वेळ लागला. मुंबईत मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. त्याच दशकात प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला संरक्षण देणारे अशासकीय विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरवले, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले, आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते पुन्हा वैध ठरवले. नव्या भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, ते त्या रूपात उरलेले नाही.

खरा टप्पा ९ मार्च २०१८ चा. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या २००५ पासूनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, सज्ञान व शुद्धीवर असलेला माणूस उपचार नाकारू शकतो, आणि तो नकार आधी लिहूनही ठेवू शकतो. विष देऊन किंवा इंजेक्शन टोचून मरण आणणे मात्र गुन्हाच राहिला. संसद कायदा करीपर्यंत लागू राहील अशी कार्यपद्धतीही न्यायालयाने घालून दिली, आणि तेथेच घोडे पेंड खाल्ले. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. वेळ आल्यावर वीस वर्षे अनुभव असलेल्या तज्ज्ञांची मंडळे हवीत. दुसरे मंडळ जिल्हाधिकाऱ्याने नेमायचे आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः रुग्णापाशी येऊन पाहायचे. दर्यापूर किंवा बाळापूरच्या एखाद्या म्हाताऱ्याने आपल्या मरणाचा कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, ही कल्पना ज्याने तालुक्याचे कोर्ट पाहिले आहे त्याला करता येणार नाही. आयसीयूतल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संस्थेनेच न्यायालयाला हे दाखवून दिले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी झाली.

आता अठरा वर्षांवरील कोणीही, शुद्धीवर व आपखुशीने, दोन साक्षीदारांसमक्ष असा कागद करू शकतो. तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करायचा. म्हणजे दाखल्याच्या नकलेवर सही-शिक्का घ्यायला आपण ज्यांच्या दारात उभे राहतो, त्यांच्यापैकीच कोणीतरी चालेल. स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावे त्यात द्यायची. एकाहून अधिक देता येतात. एक प्रत त्यांना, एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक गावच्या स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. अमरावती-अकोल्याला महानगरपालिका, अचलपूर-मूर्तिजापूरला नगरपालिका, खेड्यात पंचायत. मत बदलले तर लेखी कळवून कागद केव्हाही रद्द करता येतो. कागद आहे म्हणून डॉक्टर लगेच हात आखडते घेतात असेही नाही. बरे होण्याची आशा उरलेली नाही असे उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांनी ठरवायचे, मग जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेल्या डॉक्टरसह दुसऱ्या मंडळाने ते तपासायचे. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत. न्यायदंडाधिकाऱ्याला आता फक्त कळवायचे असते.

नियम झाले तरी खुर्चीत माणूस लागतो. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचा कागद तयार केला, तेव्हा तो जपून ठेवायला अधिकारीच नेमलेला नाही असे त्यांना आढळले. ते उच्च न्यायालयात गेले, आणि २०२४ मध्ये स्थानिक संस्थांत असे अधिकारी नेमल्याचे राज्य शासनाने सांगितले. गोव्यात त्याच वर्षी ३१ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी आपला कागद नोंदवून सुरुवात करून दिली.

वऱ्हाडात प्रत्यक्ष काय होते, तेही सांगितले पाहिजे. रुग्ण ‘शिरेस’ झाला की ‘नागपूरला न्या’ म्हणतात. अमरावतीहून ते दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. तेथे व्हेंटिलेटर लागतो. आठ-दहा दिवसांत जवळचे पैसे संपतात, वावर गहाण पडते, आणि मग कोणीतरी म्हणतो, ‘घरी घेऊन जाऊ.’ इस्पितळ एका छापील कागदावर सही घेते: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत. रुग्ण घरच्या ओसरीवर येतो आणि तासाभरात जातो. निर्णय झालेला असतो, पण तो पैशाने केलेला असतो, उशिरा केलेला असतो, आणि त्याचे ओझे सही करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर जन्मभर राहते. भाऊबंदकीत ‘यानेच बापाला काढून आणले’ हे वाक्य पुढे वीस वर्षे ऐकू येते. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी अनुभवली असेल. अशा वेळी कागद वाचून अर्थ सांगायला घरातल्या किंवा गल्लीतल्या मास्तरांनाच बोलावले जाते.

दुसरी बाजूही आहे आणि ती या चर्चेत मागे पडते. उपचार थांबवणे आणि काळजी थांबवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स यांनी मरणपंथाला लागलेल्यांच्या वेदना शमवण्यासाठी आधुनिक शुश्रूषागृह सुरू केले. आपल्या देशातले तसे पहिले, शांती आवेदना, १९८६ मध्ये मुंबईला वांद्र्यात निघाले. या शुश्रूषेचा आधार आहे मॉर्फीन, अफूतून निघणारे. वऱ्हाडाच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि जगभरच्या औषधांसाठी जाते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने इतके परवाने मागितले, की बहुतेक इस्पितळांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायदा सुधारून परवाने कमी केले. तरी जिल्ह्याच्या गावी कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फीनची साधी गोळी मिळवायला आजही वणवण करावी लागू शकते. वऱ्हाडातून टाटा इस्पितळात जाणाऱ्या कित्येकांचा मुंबईतला मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत असतो. तेथून ‘आता करण्यासारखे काही नाही’ हे ऐकून रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत वेदनाशामक औषध आहे की नाही, याला आमच्या मते कागदाइतकेच महत्त्व आहे.

कागदात काय लिहावे, असे आम्हाला अनेकदा विचारले जाते. ‘मला यंत्रावर ठेवू नका’ एवढे पुरत नाही. न्यूमोनियात दोन दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस पुढे वीस वर्षे जगू शकतो. तो नाकारण्याचे कारण नाही. म्हणून अवस्था लिहावी: शुद्ध परत येण्याची आशा डॉक्टरांना उरलेली नसेल तर, किंवा दुखणे बरे होणारे नसून शेवटाला आलेले असेल तर. मग काय नको ते लिहावे: व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणे, डायलिसिस, नाकातून नळीने अन्न. आणि काय हवे तेही: वेदनाशामक, तोंड ओले ठेवणे, शक्य असल्यास घर. बोलणारे म्हणून ज्यांची नावे द्यायची, त्यांच्याशी आधी बोलावे. ते जवळ राहणारे असावेत. परदेशातला मुलगा कितीही लाडका असला तरी रात्री दोन वाजता त्याचा फोन लागेलच असे नाही. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. आणि कागद कपाटाच्या चोरकप्प्यात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवू नये, कारण ते कपाट उघडले जाते ते तेराव्यानंतर.